डब्यांचं ॲप: वेबवर चालवावं की नेटिव्ह बांधावं?

डबा_नंबर_सात (धागाकर्ता)

दादर-परळ पट्ट्यातल्या एका पोळी-भाजी केंद्राच्या महिनेवारी डब्यांसाठी ॲप करायचं आहे. गिऱ्हाइकं साधारण ३५०, डबे पोचवणारे ९ जण. गिऱ्हाइकाला हवं ते एवढंच: उद्याचा मेनू बघणं, रात्री ९ च्या आत उद्याचा डबा रद्द करणं, महिन्याचे पैसे यूपीआयने भरणं आणि डबा कुठवर आला ते कळणं. पोचवणाऱ्याला पत्त्यांची क्रमवार यादी, 'दिला'चं बटण, वॉचमनकडे ठेवला तर फोटो, रोख घेतली तर रक्कम.

काम करणारे दोघे. दोघांचं जावास्क्रिप्ट पक्कं, एकाला कोटलिन (अँड्रॉइड ॲपची भाषा) जेमतेम. कोटेशनं दोन आली आहेत. एक म्हणतं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे नेटिव्ह, म्हणजे ब्राउझरशिवाय थेट फोनवर चालणारं ॲप, करू. दुसरं म्हणतं, वेबसाइट करू आणि तीच ॲपमध्ये गुंडाळून दोन्ही स्टोअरवर चढवू. कुठलं घ्यावं आणि का, हे तपशिलासकट सांगा. 'हल्ली सगळे फ्लटरच करतात' (एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप बनवायचं साधन) छाप उत्तरं नकोत.

---

पावणेनऊची_फास्ट

मुळात ही दोन ॲप आहेत, एक नाही. गिऱ्हाईक दिवसातून एकदा, वीस सेकंदांसाठी उघडणार. पोचवणारा सकाळी साडेदहा ते दीड सतत वापरणार, फोन खिशात, स्क्रीन बंद. दोघांना एकच तंत्र लावायचा हट्ट केला की एकाचे तरी हाल होतात.

मी चाळणी एकच लावतो: स्क्रीन बंद असताना ॲपने काही करायला हवं का? नको असेल तर वेब. हवं असेल तर नेटिव्ह, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. ब्राउझरमधलं पान मागे गेलं की टायमर मंदावतात, लोकेशन मिळणं थांबतं. आयफोनवर तर काही क्षणांतच पान गोठतं.

पोचवणारा नकाशावर हलताना दाखवायचा असेल तर अँड्रॉइडवर फोरग्राउंड सर्व्हिस (स्क्रीन बंद असतानाही चालू राहणारं ॲपचं काम) लागेल. अँड्रॉइड १४ साठी बांधलेल्या ॲपमध्ये तिचा प्रकार 'लोकेशन' असा मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहावा लागतो, शिवाय प्ले कन्सोलमध्ये (गूगल प्लेवर ॲप चढवायच्या पानावर) ती कशाला हवी हे वेगळं सांगावं लागतं. एक सवलत मात्र घ्या. ॲप समोर उघडं असताना 'फेरी सुरू' या बटणाने सर्व्हिस चालू केली, तर 'ॲप वापरताना' एवढीच परवानगी पुरते. 'सदासर्वकाळ लोकेशन' ही परवानगी मागितली की प्लेवर तपासणी कडक होते, ती टळते.

दर ३० सेकंदांना एक बिंदू धरला तर तीन तासांत ३६० बिंदू. डेटा किरकोळच. एकेक पाठवू नका, दहा-दहाचा गठ्ठा पाठवा. बिंदू गोळा करण्याबरोबरच फोनचा नेटवर्क-रेडिओ वारंवार जागा केल्यानेही बॅटरी उतरते.

आणि एवढं सगळं करूनही काही कंपन्यांच्या फोनमधला बॅटरी सेव्हर सर्व्हिस मारतोच. त्या ९ फोनवर एकदा बसून ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरी 'अनिर्बंध' करून द्या. कोडमध्ये याला उपाय नाही.

---

कोड_कांदेपोहे

फास्ट, सगळं मान्य, पण लोकेशन हवंय कुणाला? धागाकर्त्यांनी 'डबा कुठवर आला' एवढंच लिहिलं आहे. डब्याची फेरी ठरलेल्या क्रमाने जाते. ३१व्या पत्त्यावर 'दिला' दाबलं की ३५व्या गिऱ्हाइकाला 'तुमच्या आधी ३ डबे' दिसेल. नकाशावरच्या टिंबापेक्षा हे जास्त खरं असतं, कारण हिंदमाताजवळ टिंब वीस मिनिटं हलत नाही तेव्हा गिऱ्हाईक नुसतं वैतागतं.

हे चालणार असेल तर पोचवणाऱ्याचं ॲपही वेबवर होतं. फोटो फाइल-इनपुटला 'कॅप्चर' लावून थेट कॅमेऱ्याने घ्या, कॅनव्हासवर (पानातली चित्र हाताळायची जागा) लांब बाजू १२८० पिक्सेल करा, जेपेग ०.७ दर्जाने साठवा. कॅमेऱ्यातून आलेला ४-५ एमबीचा फोटो बहुतेक वेळा २००-३०० केबीवर येतो. तो इंडेक्स्डडीबीच्या (ब्राउझरमधल्या साठ्याच्या) रांगेत टाका आणि नेट मिळेल तसा पाठवा. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये नेट जाणारच, तेव्हा रांगेशिवाय गत्यंतर नाही.

बॅकग्राउंड सिंक (पान समोर नसतानाही नोंदी पाठवण्याची सोय) अँड्रॉइडच्या क्रोममध्ये आहे, सफारीत नाही. क्रोमही काही प्रयत्नांनंतर नाद सोडतो. म्हणून त्याच्या भरवशावर न राहता पान पुन्हा समोर आलं की रांग रिकामी करण्याचा कोड स्वतः लिहा. साठा टिकावा म्हणून ब्राउझरकडे 'पर्सिस्ट'ची मागणी करून ठेवा, नाहीतर फोन भरला की ब्राउझर तुमच्या रांगेवरही झाडू फिरवू शकतो.

---

पावणेनऊची_फास्ट

हो, क्रमांकावर भागत असेल तर माझा नेटिव्हचा आग्रह गळतो. पण रोख रकमेची नोंद त्या रांगेत असेल तर एक धोका आहे. पोचवणाऱ्याने 'जागा मोकळी करा' म्हणून ब्राउझरचा डेटा पुसला तर न गेलेल्या नोंदी गेल्या. नेटिव्हमध्येही ॲप डेटा पुसता येतो, पण लोक ब्राउझरचा जास्त सहज पुसतात. स्क्रीनच्या माथ्यावर 'न पोचलेल्या नोंदी: ४' असं ठळक दिसू द्या, आणि शून्य झाल्याशिवाय 'फेरी संपली' दाबता येऊ नये.

---

डबा_नंबर_सात

क्रमांक चालेल, उत्तम चालेल. नकाशाची मागणी कोटेशनवाल्यांनीच घुसडली होती. आता पैशांचं सांगा. गुंडाळलेल्या ॲपमध्ये यूपीआय अडतं असं ऐकून आहे.

---

पैसे_परत

अडतं, आणि कुठे ते नेमकं सांगतो.

साध्या वेबव्ह्यूत (ॲपच्या आत वेब पान दाखवणारी खिडकी) साइट गुंडाळली की 'यूपीआय' स्कीमने (लिंकच्या सुरुवातीच्या खुणेने) सुरू होणारी लिंक दाबल्यावर 'अननोन यूआरएल स्कीम' अशी पाटी येते. वेबव्ह्यूला फक्त वेबचे पत्ते कळतात. उपाय: 'शुड ओव्हरराइड यूआरएल लोडिंग' या फंक्शनमध्ये ती लिंक पकडायची, तिचा इंटेंट (दुसरं ॲप उघडायची विनंती) करून अँड्रॉइडकडे सोपवायची आणि वेबव्ह्यूला 'तू हात लावू नकोस' सांगायचं. यूपीआय ॲपची यादी तुम्हीच दाखवणार असाल तर अँड्रॉइड ११ पासून मॅनिफेस्टमध्ये 'क्वेरीज' (कुठली ॲप शोधणार ते) लिहावं लागतं, नाहीतर फोनमध्ये चार ॲप असूनही यादी रिकामी येते. फाइल निवडणं, कॅमेऱ्याची परवानगी हेही वेबव्ह्यूत आपोआप चालत नाही, प्रत्येकाचा कोड वेगळा. आणि गूगलने लॉगिन ठेवणार असाल तर वेबव्ह्यूत गूगल ते होऊच देत नाही. गुंडाळून देणाऱ्याला या चार गोष्टी विचारा, किती पाण्यात आहे ते कळेल.

थेट क्रोममध्ये यूपीआय लिंक चालते, पण बोटाच्या स्पर्शाशी जोडलेली हवी. नेहमीची चूक अशी: गिऱ्हाईक 'पैसे भरा' दाबतं, मग सर्व्हरकडे ऑर्डर तयार करायला जाता, मग लिंक उघडता. नेट मंद असेल तर तेवढ्यात त्या स्पर्शाची मुदत, साधारण पाच सेकंद, संपते आणि क्रोम दुसरं ॲप उघडू देत नाही. ऑफिसच्या वायफायवर हे कधीच दिसत नाही. ऑर्डर पान उघडतानाच तयार ठेवा.

आयफोनवर एकाच स्कीमवर दोन-तीन ॲप दावा करत असतील तर कुठलं उघडेल याचा नेम नाही, निवडीची खिडकी येत नाही. तिथे प्रत्येक ॲपसाठी वेगळं बटण ठेवा.

वैयक्तिक यूपीआय पत्ता वापरू नका. रक्कम आधीच भरलेली लिंक अशा पत्त्यावर बरीच ॲप नाकारतात. व्यापारी खातं घ्या. आणि 'यशस्वी' हा शब्द गिऱ्हाइकाच्या फोनवरून कधीच स्वीकारू नका. पेमेंट गेटवे (पैसे घेऊन देणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो, तेच खरं.

---

लिफ्ट_बंद_आहे

+१. शेवटची ओळ फ्रेम करून भिंतीवर लावण्याजोगी.

पैशांचं चाललंच आहे तर मराठी आकड्यांचं लफडं सांगून ठेवतो, कारण मराठीत ॲप करणारा प्रत्येक जण यात एकदा आपटतो. फोनची भाषा मराठी असेल तर कोटलिनमध्ये रक्कम 'फॉरमॅट' केली की '१४०.००' असं देवनागरीत येतं. स्क्रीनवर छानच दिसतं. पण तोच मजकूर यूपीआय लिंकमध्ये किंवा सर्व्हरला गेला की समोरच्याला तो आकडाच वाटत नाही. जावास्क्रिप्टमध्येही मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिलं की हेच. चाचणी करणाऱ्यांचे फोन इंग्रजीत असतात, म्हणून हा बग गिऱ्हाइकाकडेच पहिल्यांदा उगवतो.

नियम: आत सगळीकडे रक्कम पैशांत, पूर्णांकात. १४० रुपये म्हणजे १४०००. फक्त दाखवताना देवनागरी. यंत्राला जाणाऱ्या प्रत्येक फॉरमॅटमध्ये लोकेल स्पष्टपणे अमेरिकन इंग्रजी.

---

सफारी_ग्रस्त

आयफोनबद्दल. डबे लावणाऱ्यांत परळच्या ऑफिसातली मंडळी असतील तर आयफोन बरेच निघतील.

वेब ॲपला सूचना पाठवण्याची सोय आयओएस १६.४ मध्ये, म्हणजे २०२३ साली आली. पण अट अशी की ॲप होम स्क्रीनवर टाकलेलं हवं. सफारीच्या टॅबमध्ये सूचना नाहीत. 'इन्स्टॉल करा' अशी पट्टी अँड्रॉइडचा क्रोम देतो, आयफोन देत नाही. शेअरचं बटण, मग खाली सरकवून 'ॲड टू होम स्क्रीन', हे तुम्हालाच चित्र काढून दाखवावं लागतं. सूचनेची परवानगीही बटण दाबल्यावरच मागता येते, पान उघडताक्षणी नाही.

दुसरं: टॅबमध्ये वापरणाऱ्याने सात दिवस सफारी वापरूनही तुमची साइट उघडली नाही, तर जावास्क्रिप्टने साठवलेलं सगळं सफारी पुसते. होम स्क्रीनवरच्याला हे लागू नाही. म्हणून लॉगिनचा टोकन (लॉगिन झाल्याची खूण) लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या साठ्यात, ठेवू नका, सर्व्हरने दिलेल्या एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला न दिसणाऱ्या) कुकीत ठेवा. आणि होम स्क्रीनवरच्या ॲपचा साठा टॅबपेक्षा वेगळा असतो, तेव्हा टॅबमध्ये अर्धवट भरलेलं काही तिकडे दिसणार नाही.

बारीकसारीक: इनपुटचा टंक १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर त्यावर बोट ठेवताच आयफोन पान मोठं करतो आणि 'रद्द करा'चं बटण उजवीकडे पळतं. तळाच्या बटणाखाली 'सेफ एरिया'चं अंतर सोडा, नाहीतर ते आयफोनच्या तळाशी असलेल्या होमच्या पट्टीवर बसतं.

नऊच्या आधीची आठवण मात्र फक्त सूचनेवर ठेवू नका. निम्म्या लोकांनी परवानगीच दिलेली नसेल असं धरून चाला.

---

कोड_कांदेपोहे

आठवणीसाठी एसएमएस धरत असाल तर आधी डीएलटी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची सक्तीची) नोंदणी आणि टेम्प्लेट, म्हणजे मजकुराच्या साच्याची, मंजुरी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये जातो, म्हणजे एका एसएमएसमध्ये १६० नाही, ७० अक्षरं, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. 'उद्याचा डबा रद्द करायचा असल्यास रात्री ९ पूर्वी कळवावे' एवढ्यातच पन्नाशी ओलांडते. त्यात लिंक घातली की दोन एसएमएसचे पैसे.

ओटीपीचंही ऐका. वेबवर तो आपोआप भरला जावा असं वाटत असेल तर एसएमएसच्या शेवटच्या ओळीत @ आणि तुमचं डोमेन, मग # आणि ओटीपी, असंच हवं. ही ओळ डीएलटी टेम्प्लेटमध्ये आधीपासून असू द्या. नंतर सुचली तर मंजुरी पहिल्यापासून. नेटिव्हला तिथे ११ अक्षरांचा हॅश (ॲपची ओळख सांगणारा संकेत) लागतो, आणि तो ॲपच्या डिजिटल सहीवर अवलंबून असतो. प्लेवर चढवल्यावर सही गूगलची होते, हॅश बदलतो, आणि तुमच्या लॅपटॉपवर चालणारं ओटीपी स्टोअरवरच्या ॲपमध्ये चालत नाही.

---

जुना_जावावाला

स्टोअरचा मुद्दा राहिला.

अँड्रॉइडवर गुंडाळायचंच असेल तर वेबव्ह्यू नको, ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटी घ्या. तिच्यात पान प्रत्यक्ष क्रोमच चालवतो, त्यामुळे पैसे_परत यांनी सांगितलेली वेबव्ह्यूची बहुतेक दुखणी राहत नाहीत. बबलरॅप नावाचं साधन वेबसाइटचा मॅनिफेस्ट वाचून पॅकेज करून देतं. फसगत एकाच ठिकाणी होते: साइटवर 'वेल-नोन' फोल्डरमध्ये असेटलिंक्सची जेसन फाइल (साइट आणि ॲप एकाच मालकाचे हे सांगणारी) ठेवायची असते, तिच्यात सहीचा एसएचए-२५६ ठसा. लोक स्वतःच्या अपलोड कीचा (ॲप चढवताना सही करायच्या किल्लीचा) ठसा टाकतात. टाकायचा गूगलच्या साइनिंग कीचा, तो प्ले कन्सोलमध्ये ॲप साइनिंगखाली मिळतो. चुकलात तर ॲप उघडतं, पण माथ्यावर पत्त्याची पट्टी येऊन बसते.

प्लेचं शुल्क एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दर वर्षी ९९ डॉलर. प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ परीक्षक सलग १४ दिवस बंद चाचणीत ठेवावे लागतात. संस्थेच्या नावाने खातं काढलं तर ही अट नाही, पण डन्स (संस्थेची ओळख सांगणारा) क्रमांक लागतो. गणपतीत सुरू करायचं ठरवलं असेल तर हे दोन आठवडे आधीच मोजा.

ॲपलकडे नुसती गुंडाळलेली साइट मार्गदर्शक नियम ४.२ खाली, 'किमान उपयुक्तता नाही' म्हणून परत येते. दुसऱ्या कोटेशनवाल्याने 'दोन्ही स्टोअरवर चढवू' म्हटलंय ना, त्याला विचारा नाकारलं तर पैसे परत का. डबा ही हातात घ्यायची वस्तू आहे, तेव्हा ॲपलचं कमिशन लागत नाही, यूपीआय चालतं. ते ओझं डिजिटल माल विकणाऱ्यांना.

नेटिव्हचा न दिसणारा खर्च म्हणजे दरसालची डागडुजी. प्लेवर अपडेट चढवायचं तर नव्या अँड्रॉइडला धरून बांधावं लागतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून ते अँड्रॉइड १५ झालं. एकही नवीन सोय न देता वर्षाकाठी काही दिवस त्यात जातात. झमारिनवर (मायक्रोसॉफ्टचं ॲप बनवायचं साधन) बांधलेल्यांचा आधार मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये काढून घेतला, त्यांना तर अख्खं ॲप दुसऱ्या साधनावर हलवावं लागलं. वेबचं दहा वर्षांपूर्वीचं पान आजही उघडतं.

---

डबा_नंबर_सात

आणि फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह (जावास्क्रिप्टने नेटिव्ह ॲप बनवायचं साधन)? मीच नको म्हटलं होतं, पण केंद्रवाले विचारणार.

---

जुना_जावावाला

पोचवणाऱ्याचं ॲप उद्या खरंच नेटिव्ह करावं लागलं तर रिॲक्ट नेटिव्ह, कारण तुमच्या दोघांचं जावास्क्रिप्ट पक्कं आहे. फ्लटर उत्तम आहे, पण त्याची डार्ट ही भाषा शिकावी लागेल. फ्लटरची वेब आवृत्ती गिऱ्हाइकांना देऊ नका. चित्र काढणारं इंजिनच दीड एमबीच्या आसपास उतरतं, आणि मराठी टंक सोबत दिला नसेल तर तो नंतर येतो. तोवर अक्षरांच्या जागी चौकोन.

---

लिफ्ट_बंद_आहे

टंकाचा विषय निघाला म्हणून. पानाच्या मुळाशी भाषा 'एमआर' (मराठी) लिहा, 'एचआय' (हिंदी) नको. चांगल्या देवनागरी टंकात ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, ती भाषा सांगितल्यावरच येतात. 'पोळ्या' ठीक दिसतील, पण 'दुसऱ्या' मधला अर्धा र कसा टाइप केलाय ते तपासा, मेनू भरणाऱ्याने चुकीचा टाकला की रफार होऊन 'दुसर्या' दिसतं. बटणांची ओळ-उंची निदान १.५ ठेवा. इंग्रजीच्या मापाने बनवलेल्या बटणात 'मेथी'ची वेलांटी वरून छाटली जाते.

---

पावणेनऊची_फास्ट

वेब ठरत असेल तर सर्व्हिस वर्करचं (पानामागे चालणारी, साठवलेल्या प्रती सांभाळणारी स्क्रिप्ट) एवढं वाचाच, कारण डब्याच्या धंद्यात कालचा मेनू दिसणं परवडत नाही.

ॲपचा सांगाडा कॅशमधून (फोनवर साठवलेल्या प्रतीतून) आधी दाखवा. मेनू मात्र आधी नेटवरून, तीन सेकंदांत आला नाही तरच कॅशमधला, आणि त्यावर 'काल रात्री ८.१० ची माहिती' असा शिक्का. सर्व्हिस वर्करच्या फाइलला 'नो-कॅश' हेडर लावा. नवी आवृत्ती आली की जुनी ताबडतोब हाकलण्याची सोय असते, ती सरसकट वापरू नका. उघडं पान जुनं आणि कॅश नवी अशी खिचडी झाली की जुन्या पानाला हव्या असलेल्या फाइली सापडत नाहीत आणि स्क्रीन पांढरी पडते. 'नवी आवृत्ती आली, ताजं करा' अशी पट्टी दाखवा. आणि स्वतःलाच काढून टाकणारा एक रिकामा सर्व्हिस वर्कर लिहून तयार ठेवा. बिघडलेला वर्कर साडेतीनशे फोनमध्ये गेल्यावर तो लिहायला बसू नये.

नऊची वेळ सर्व्हरच्या घड्याळाने. आता खरी गोम: भूमिगत मेट्रोत बसलेल्या माणसाने ८.५७ ला 'रद्द' दाबलं, नेट आलं ९.०४ ला. फोनचं घड्याळ पुढेमागे करता येतं, त्यावर निर्णय नको. दाबताक्षणी 'रद्द झालं' असं कधीच दाखवू नका. 'पाठवतोय' दाखवा, सर्व्हरचा होकार आला की 'रद्द झालं'. उशिरा पोचलेल्याचं काय करायचं ते केंद्राने ठरवावं. दहा मिनिटांची मुभा द्यायची तर तो आकडा सर्व्हरवर असावा, कोडमध्ये नको. प्रत्येक रद्दीला फोनवरच एक अनन्य क्रमांक द्या. तीच विनंती तीनदा पोचली तरी एकच डबा कमी झाला पाहिजे.

---

डबा_नंबर_सात

दोन्ही बाजू वेबवरच करतो, अँड्रॉइडसाठी ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटी, आयफोनला होम स्क्रीन. शेवटचा प्रश्न: डोमेन सध्या कोटेशनवाल्याच्या सबडोमेनवर घेऊन नंतर आपल्यावर हलवलं तर?

---

सफारी_ग्रस्त

नको हो. होम स्क्रीनवरचं ॲप, त्याचा साठा, सूचनांची परवानगी, सर्व्हिस वर्कर, असेटलिंक्स, ओटीपीतली @ ची ओळ, हे सगळं त्या पत्त्याला बांधलेलं असतं. पत्ता बदलला की ३५० जणांना पुन्हा लॉगिन, पुन्हा परवानगी, आणि डीएलटी टेम्प्लेट नव्याने. जुनं चिन्ह फोनवर तसंच राहतं, ते वेगळं. पहिल्या दिवशीच डोमेन केंद्राच्या नावाने विकत घ्या, आणि नूतनीकरणाचा ईमेलही केंद्राचाच द्या.